कच्चा गडी जिंकतो तेव्हा

१ जून २०२५ ची गोष्ट. नॉर्वेतील स्टाव्हँगर या शहरात 'नॉर्वे चेस' ही बुद्धिबळ स्पर्धा चालू होती. सहाव्या फेरीत समोरासमोर बसले होते नॉर्वेचाच मॅग्नस कार्लसन आणि चेन्नईचा डी. गुकेश. पांढरी मोहरी गुकेशकडे होती, काळी कार्लसनकडे. डावाचा बराचसा काळ कार्लसनची बाजू वरचढ होती. गुकेश हरणार हे पाहणाऱ्यांना दिसत होते आणि त्याला स्वतःलाही दिसत होते. तरी तो चिवटपणे एकेक खेळी करत राहिला. दोघांच्याही घड्याळांत फार थोडा वेळ उरला होता. बावन्नाव्या खेळीला कार्लसनने घोड्याने शह दिला. ती खेळी चुकली आणि जिंकत आलेला डाव त्याच्या हातून निसटला. थोड्याच खेळ्यांनंतर त्याला हार मानावी लागली. त्याने मूठ टेबलावर आदळली, पटावरची मोहरी उडाली. लगेच त्याने गुकेशची माफी मागितली आणि तो निघून गेला.

गुकेश नंतर जे बोलला त्याचा आशय असा होता, की अशी स्थिती शंभर वेळा आली असती तर नव्याण्णव वेळा मी हरलो असतो, आज नशीब माझ्या बाजूने होते.

गुकेश तर जगज्जेता, मग त्याला कच्चा गडी कसे म्हणायचे, असे कोणी विचारील. त्याने डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डिंग लिरेनला ७.५–६.५ असे हरवून जगज्जेतेपद मिळवले, हे खरेच आहे. पण कार्लसनने ते पद न हरता आपण होऊन सोडले होते. खेळाडूंची ताकद मोजणाऱ्या रेटिंगच्या यादीत तो जुलै २०११ पासून सलग पहिल्या क्रमांकावर होता. त्या दिवशी त्याचे रेटिंग २८०० च्या बरेच वर होते, गुकेशचे २८०० च्या खाली. म्हणजे आकड्यांच्या भाषेत तरी त्या पटावर पक्का कोण आणि कच्चा कोण हे ठरलेले होते.

बुद्धिबळाच्या जगात अशी चिडचिड नवी नाही. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात आरॉन निम्झोविच नावाचा मोठा खेळाडू होऊन गेला. बर्लिनच्या एका स्पर्धेत आपल्यापेक्षा कमी प्रतीच्या मानलेल्या खेळाडूकडून हरल्यावर तो टेबलावर चढला आणि असल्या मूर्खाकडून मी का म्हणून हरायचे, असे ओरडला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, निम्झोविचने विचारलेला प्रश्न शास्त्रीय आहे. चांगला खेळाडू कमी प्रतीच्या खेळाडूकडून का हरतो? आणि तो हरला, तर कोण चांगला आणि कोण कच्चा याबद्दलचे आपले मत आपण बदलावे काय? बदलावे तर किती?

हा दुसरा प्रश्न बुद्धिबळपटूंपेक्षा शिक्षकांना अधिक वेळा पडतो, म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार करू या.

कच्चा म्हणजे किती कच्चा?

खेळाडूची ताकद आकड्यात मोजण्याची आज जी पद्धत रूढ आहे ती आर्पाद एलो यांची. हंगेरीत १९०३ साली जन्मलेले एलो लहानपणी अमेरिकेत गेले आणि पुढे मिल्वॉकी येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. ते स्वतः उत्तम बुद्धिबळ खेळत. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० साली आणि 'फिडे' या जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. म्हणून या आकड्याला 'एलो रेटिंग' म्हणतात. एलो हे त्यांचे आडनाव आहे, कसलेही संक्षिप्त रूप नाही.

एलो यांच्या विचाराचा गाभा साधा आहे. कोणताही खेळाडू रोज सारखा खेळत नाही. त्याचा खेळ एका सरासरीच्या आसपास कधी वर, कधी खाली होत राहतो. सरासरीजवळचे दिवस पुष्कळ, फार चांगले आणि फार वाईट दिवस थोडे. याचा आलेख काढला तर घंटेच्या आकाराची टेकडी तयार होते. वर्गातील मुलांच्या उंचीचा आलेख काढला की दिसते तशीच. फरक एवढाच, की तिथे अनेक मुलांची एकेक उंची असते आणि इथे एकाच माणसाचे अनेक दिवस असतात.

रेटिंग म्हणजे या टेकडीच्या शिखराची जागा. एलो यांनी टेकडीचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, २०० गुण धरले. आता दोन खेळाडूंच्या दोन टेकड्या एकाच कागदावर काढा. रेटिंगमध्ये ५० गुणांचा फरक असेल तर दोन्ही टेकड्या जवळजवळ एकमेकींवरच येतात. फरक ४०० असेल तर त्या बऱ्याच दूर सरकतात, पण त्यांच्या पायथ्याच्या कडा तरीही एकमेकींत मिसळलेल्या असतात. पक्क्याचा वाईट दिवस आणि कच्च्याचा चांगला दिवस एकत्र आले की निकाल उलटतो. तसा तो उलटण्यासाठी कोणी 'मूर्ख' असण्याची गरज नसते.

रेटिंगमधील फरकावरून एका डावात सरासरीने किती गुण मिळतील हे काढता येते. जिंकल्यास १, बरोबरीस अर्धा आणि हरल्यास ० अशी गुणांची पद्धत आहे. फरक शून्य असेल तर दोघांचेही अपेक्षित गुण ०.५०. फरक ५० असेल तर वरच्या खेळाडूचे ०.५७, १०० असेल तर ०.६४, २०० असेल तर ०.७६ आणि ४०० असेल तर ०.९१. यातले ०.५७ पुन्हा पाहा. जागतिक यादीत ५० गुणांनी पुढे असणे ही मोठी गोष्ट समजली जाते. पण त्याचा अर्थ एवढाच, की शंभर डावांत पुढच्याला सुमारे ५७ गुण मिळतील आणि मागच्याला ४३. त्यांतही बरोबरीचे डाव पुष्कळ असतील.

'पहिला' आणि 'दुसरा' हे शब्द ऐकले की आपल्या मनात दोन पायऱ्या येतात. आकडे मात्र सांगतात, की बऱ्याचदा ती पायरी नसून जेमतेम जाणवेल असा उतार असतो.

वर्गात खेळून पाहू

हे सर्व कागदावर पटते, पण मनात उतरत नाही. म्हणून आम्ही शाळांत गेलो की एक खेळ घेतो. त्यासाठी बुद्धिबळ यावे लागत नाही, लुडोचे फासे पुरतात. फासे नसतील तर खोडरबराच्या चौकोनी तुकड्यावर १ ते ६ आकडे लिहूनही काम भागते.

मुलांच्या जोड्या करा. प्रत्येक जोडीत एक 'पक्का' आणि एक 'कच्चा'. दोघांनी एकेकदा फासा टाकायचा. पक्क्याने आपल्या दानात १ मिळवायचा, कच्च्याने काहीही मिळवायचे नाही. ज्याचा आकडा मोठा तो जिंकला. आकडे सारखे आले तर बरोबरी, म्हणजे दोघांना अर्धा अर्धा गुण.

पक्का इथे खरोखरच पक्का आहे, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. त्याला प्रत्येक डावात एक गुण फुकट मिळतो. आता सहावी-सातवीची मुलेही करू शकतील असे गणित करू. दोन फाशांच्या एकूण जोड्या ३६. त्यांपैकी २१ जोड्यांत पक्का जिंकतो, ५ जोड्यांत बरोबरी होते आणि १० जोड्यांत कच्चा जिंकतो. (फळ्यावर ६ × ६ चा तक्ता काढून मुलांकडूनच चौकोन रंगवून घ्यावेत.) म्हणजे एका डावात कच्चा जिंकण्याची शक्यता ३६ पैकी १०, म्हणजे सुमारे २८ टक्के, चारांत एकाहून थोडी जास्तच. पक्क्याचे अपेक्षित गुण येतात ०.६५. एलो यांच्या कोष्टकात हा आकडा शोधला तर तो सुमारे ११० गुणांच्या फरकाशी जुळतो. फाशावरचा एक जादा ठिपका म्हणजे रेटिंगचे ११० गुण! स्टाव्हँगरच्या पटावर कार्लसनला गुकेशवर जी आघाडी होती ती याहून कमीच होती.

एका तालुक्याच्या गावी सातवीच्या वर्गात आम्ही हा खेळ घेतला. चाळीस मुले, वीस जोड्या, प्रत्येक जोडीचे दहा डाव. बहुतेक जोड्यांत पक्के पुढे राहिले, पण दोन जोड्यांत कच्चे जिंकले. त्यांतल्या एका जोडीतला 'पक्का' मुलगा इतका चिडला, की फासा शर्टाला घासून पाहू लागला आणि शेवटी फासाच खोटा आहे म्हणून बदलून मागू लागला. समोरच्या मुलीने आपला फासा मुकाट्याने त्याच्यापुढे ठेवला. त्या फाशानेही तो पुढचा डाव हरला आणि सगळा वर्ग हसला. कार्लसनची मूठ आणि या मुलाचा शर्टाला घासलेला फासा यांत आम्हाला तरी फारसा फरक वाटत नाही. दोघांचीही तक्रार एकच होती: मी पुढे असताना हे झालेच कसे?

एक डाव, दहा डाव, शंभर डाव

वीस जोड्यांत दोन कच्चे जिंकले, हे अपेक्षेप्रमाणेच झाले. हिशोब केला तर दहा डावांच्या सामन्यात कच्चा पुढे राहण्याची शक्यता सुमारे दहांत एक निघते. एका डावात ती २८ टक्के होती. डाव चाळीस केले तर ती शंभरात एक इतकी खाली येते.

असे का होते ते पाहू. पक्क्याची आघाडी प्रत्येक डावात सरासरीने ०.३ गुणांची आहे. दहा डावांत ती ३ होते, शंभर डावांत ३१. डावांच्या संख्येबरोबर ती सरळ वाढत जाते. नशिबाने होणारी वरखाली मात्र डावांच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढते, कारण कधी नशीब एकाच्या बाजूने असते तर कधी दुसऱ्याच्या, आणि त्यातले बरेचसे परस्पर फिटून जाते. एका डावात ही वरखाली सुमारे ०.९ गुणाची, दहा डावांत २.८ ची आणि शंभर डावांत ९ ची.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवू. एका डावात आघाडी ०.३ आणि नशीब ०.९, म्हणजे नशिबाच्या गोंगाटात कौशल्याचा आवाज ऐकूच येत नाही. दहा डावांत ३ आणि २.८, म्हणजे दोन्ही बरोबरीला आले. शंभर डावांत ३१ आणि ९, म्हणजे आता कौशल्य स्पष्ट ऐकू येते. पक्का आणि कच्चा यांतला फरक पहिल्या डावापासून तेवढाच होता. तो दिसण्यासाठी डाव वाढवावे लागले.

यातून दोन्ही बाजूंचा धडा मिळतो. एका पराभवावरून कोणाला कच्चे म्हणू नये, हा एक. पण शंभर डावांनंतरही सगळे नशिबाचेच खेळ आहेत असे म्हणत बसू नये, हाही एक. कार्लसन ऑक्टोबर २०२० पर्यंत दोन वर्षांहून अधिक काळात सलग १२५ डाव अपराजित राहिला होता. हे नशिबाने होत नाही. गुकेशविरुद्ध हरल्यानंतरही स्टाव्हँगरची ती स्पर्धा शेवटी कार्लसननेच जिंकली.

बुद्धिबळात फासा कुठे असतो?

चौकस विद्यार्थी इथे अडवतील. फाशाच्या खेळात नशीब असणारच, पण बुद्धिबळात ना फासा, ना झाकलेले पत्ते. दोघांना सगळा पट सारखाच दिसतो. मग तिथे नशीब शिरते कुठून?

ते खेळाडूच्या डोक्यातून शिरते. बुद्धिबळाचे किती वेगवेगळे डाव संभवतात याचा अंदाज क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९५० साली केला होता. तो आकडा १ वर १२० शून्ये इतका येतो. यातला नगण्य भागच कोणी पाहू शकतो. कोणत्या खेळ्या आधी सुचतील, कुठल्या फांदीवर विचार थांबेल, आदल्या रात्री झोप किती झाली, समोरच्याने अनपेक्षित खेळी केल्यावर मन किती हलले, अशा शेकडो बारीक कारणांवर ते अवलंबून असते. ही कारणे आपल्याला वेगवेगळी मोजता येत नाहीत, म्हणून त्या सर्वांना मिळून आपण नशीब म्हणतो. फासा तरी काय करतो? तोही भौतिकशास्त्राचे नियम पाळूनच पडतो. हाताचा झटका, उंची, टेबलाचा पृष्ठभाग हे सर्व आपल्याला नेमके ठाऊक नसते, एवढेच.

स्टाव्हँगरच्या डावात घड्याळाचा वाटा मोठा होता. त्या स्पर्धेत प्रत्येकाला पूर्ण डावासाठी १२० मिनिटे होती. एकेचाळिसाव्या खेळीपासून प्रत्येक खेळीला १० सेकंदांची भर पडत असे. शिल्लक वेळ संपत आलेला माणूस दहा-दहा सेकंदांत खेळू लागला, की त्याच्या टेकडीचा पसारा वाढतो. तो अचानक वाईट खेळाडू होत नाही, पण त्याच्या चुकांची शक्यता वाढते. आणि अशा वेळी हरत आलेल्या खेळाडूला एक शहाणपणाचा मार्ग असतो: डाव लांबवणे, प्रत्येक खेळीत समोरच्यापुढे नवा प्रश्न ठेवणे. गुकेश नेमके तेच करत होता. त्याने नशिबाला श्रेय दिले हा त्याचा विनय. त्या नशिबाला दार उघडे ठेवण्याचे काम त्याने स्वतःच केले होते.

रागाची वजाबाकी

पराभव रोजच होतात. मग काही पराभवांनीच मूठ का आपटली जाते?

एलो यांच्या पद्धतीत प्रत्येक डावानंतर रेटिंग बदलते. त्याचे सूत्र असे:

नवे रेटिंग = जुने रेटिंग + के × (मिळालेले गुण − अपेक्षित गुण)

इथे 'के' हा एक गुणक आहे, त्याकडे पुढे वळू. आधी कंसातली वजाबाकी पाहा. ज्याच्याकडून ०.९१ ची अपेक्षा होती तो हरला तर वजाबाकी होते उणे ०.९१. ज्याच्याकडून ०.०९ चीच अपेक्षा होती तो हरला तर उणे ०.०९. पराभव सारखाच, पण हिशोबात दहापट फरक.

राग आणि निराशा यांचा हिशोबही काहीसा असाच असतो, असे मेंदूच्या अभ्यासावरून दिसते. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतील डोपामीन स्रवणाऱ्या पेशींचा अभ्यास केला. अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी जोराने संदेश देत. आधी एक खूण आणि मग रस असे बऱ्याचदा घडल्यावर पेशी खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर गप्प राहू लागल्या, कारण त्यात आता अनपेक्षित काही उरले नव्हते. आणि खूण होऊनही रस आला नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशींचे संदेश नेहमीपेक्षाही कमी झाले. शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी १९९७ साली 'सायन्स' या नियतकालिकात याचा अर्थ मांडला: या पेशी बक्षीस मोजत नाहीत, मिळालेले आणि अपेक्षिलेले यांतला फरक मोजतात. एलो यांच्या कंसात तीच वजाबाकी आहे.

माणसाचा राग इतका सरळ नसतो, हे खरे. पण कार्लसनच्या मुठीमागचा हिशोब आता लक्षात येतो. डाव सुरू होताना त्याची अपेक्षा अर्ध्याहून थोडी जास्त होती. पन्नासाव्या खेळीपर्यंत ती जवळजवळ १ झाली होती. हातात आलेला थेंब तोंडात पडलाच नाही.

या वजाबाकीचा उपयोग केवळ चिडण्यासाठी नाही. जे अपेक्षेप्रमाणे घडते ते आपल्याला नवे काही सांगत नाही. अपेक्षा चुकली की शिकायला जागा मिळते. चिडलेला मुलगा फासा घासून पाहतो, तेव्हा तोही आपल्या परीने अपेक्षा चुकण्याचे कारणच शोधत असतो. शिक्षकाने त्याला फक्त पुढचा प्रश्न द्यायचा असतो: आणखी तीस डाव खेळून पाहू या का?

मत किती बदलावे?

आता 'के' कडे वळू. एक डाव झाला, अपेक्षा चुकली. मत किती बदलायचे ते हा गुणक ठरवतो. तो शून्य ठेवला तर खेळाडूचे रेटिंग जन्मभर तेच राहील, मग तो कितीही जिंको. फार मोठा ठेवला तर एका चांगल्या दिवशी माणूस शिखरावर आणि एका वाईट दिवशी पायथ्याशी.

फिडेने यावर काढलेला मार्ग विचार करण्यासारखा आहे. ज्याचे रेटिंग एकदा २४०० ला पोचले त्याच्यासाठी 'के' १०. त्याखालच्या, स्थिरावलेल्या खेळाडूंसाठी २०. आणि नव्या खेळाडूंसाठी पहिले ३० डाव होईपर्यंत ४०. शिवाय अठरा वर्षांखालील मुलांसाठीही, रेटिंग २३०० च्या खाली असेपर्यंत, ४०. आपल्याहून २०० गुणांनी वरच्या खेळाडूला हरवले तर अपेक्षा ०.२४ ची होती, म्हणून वजाबाकी ०.७६. मुरलेल्या खेळाडूला यातून ७.६ गुण मिळतात, नव्या मुलाला ३०.४.

यामागे दोन कारणे आहेत. नव्या खेळाडूबद्दलची आपली माहिती थोडी असते, म्हणून प्रत्येक नवा पुरावा मोलाचा. आणि मुले झपाट्याने बदलतात. गेल्या वर्षीचा आकडा गेल्या वर्षीच्या मुलाचा असतो.

हा दुसरा मुद्दा विसरला की मोजपट्टीच चुकते. २०२० नंतर महासाथीमुळे स्पर्धा जवळजवळ बंद पडल्या. मुले घरी बसून शिकत राहिली, पण त्यांचे आकडे जिथल्या तिथे थांबले. स्पर्धा पुन्हा सुरू झाल्यावर कमी रेटिंगची मुले मोठमोठ्यांना हरवू लागली आणि हरणारे चक्रावून गेले. ती मुले कच्ची नव्हती, त्यांचा आकडा शिळा होता. खालच्या रेटिंगची अशी घसरण इतकी वाढली, की मार्च २०२४ मध्ये फिडेला २००० पेक्षा कमी रेटिंग असलेल्यांचे आकडे एकदाच सरसकट वाढवावे लागले. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचे उदाहरण तर घरचेच आहे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे झालेल्या महिला विश्वचषकात तिला १५ वे मानांकन होते. एकोणीस वर्षांच्या या मुलीने अंतिम सामन्यात कोनेरू हंपीला हरवून तो चषक जिंकला. मानांकनाची यादी झालेल्या डावांवरून करतात. पुढचे डाव तिला माहीत नसतात.

जूनची चाचणी

सातवीच्या त्या वर्गातला खेळ संपल्यावर वर्गशिक्षिका आमच्याबरोबर फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "सर, मुकाट्याने फासा देणारी ती मुलगी आमच्या 'क' गटात आहे. जूनमध्ये एक चाचणी घेतो, तिच्यावरून अ, ब, क असे गट पाडतो. त्या आठवड्यात तिला ताप होता, हे मला नंतर कळलं. आता जानेवारी आहे. म्हणजे मी एकाच डावावर ठरवलं, असंच ना?"

आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही. कारण चूक एकट्या बाईंची नव्हती. प्रयोगशाळेत आम्ही कोणतीही राशी एकदा मोजून थांबत नाही. पुन्हापुन्हा मोजतो आणि आकड्यापुढे अधिक-उणे किती ते लिहितो. ते लिहिले नाही तर कोणतेही नियतकालिक आमचा लेख परत पाठवील. मुलांच्या गुणपत्रिकेवर मात्र ६८ आणि ७२ हे आकडे अधिक-उणेशिवाय छापले जातात आणि त्यावरून हुशार कोण ते ठरते. एलो यांनी स्वतः आपल्या पद्धतीला दिलेली उपमा अशी आहे: खळबळत्या पाण्यावर हेलकावे खाणाऱ्या बुचाची जागा मोजायची, आणि तीही दोरीला बांधलेल्या, वाऱ्यावर झुलणाऱ्या पट्टीने. ज्याने आयुष्यभर मोजण्याचेच काम केले त्याला मोजण्याच्या मर्यादा इतक्या स्वच्छ दिसत होत्या.

गट पाडूच नयेत असे आम्ही बाईंना सांगितले नाही. कोणाला काय येते याचा अंदाज शिक्षकाला बांधावाच लागतो. अंदाज वाईट नाही, तो न बदलणे वाईट. म्हणून तीन साध्या गोष्टी ठरल्या. एक, एका मोठ्या चाचणीऐवजी दर पंधरवड्याला दहा मिनिटांची छोटी चाचणी, म्हणजे डाव वाढतील. दोन, गट पेनने न लिहिता पेन्सिलने लिहायचे आणि दर महिन्याला पुन्हा पाहायचे. तीन, कोणी अपेक्षेपेक्षा बरेच वर किंवा खाली गेले, तर शाबासकी किंवा रागावणे यांआधी कारण विचारायचे. त्या आठवड्यात काय झाले होते? काय नवे समजले?

निघताना आम्ही फाशांची पिशवी शाळेतच ठेवली. मार्चमध्ये बाईंचे पत्र आले. पहिल्या तीन छोट्या चाचण्यांत ती मुलगी एकदा 'क' मध्ये, एकदा 'ब' मध्ये आणि एकदा 'अ' च्या काठावर होती. ती नक्की कुठली हे अजून सांगता येत नाही, असे बाईंनी लिहिले होते आणि त्याखाली विचारले होते, की आणखी किती चाचण्या घेतल्या म्हणजे सांगता येईल? वर्गमुळाचे ते गणित आम्ही त्यांना पाठवले आहे. वाचकांनीही आपापल्या वर्गासाठी ते जरूर करून पाहावे.